बॅटरी दोन टक्के

घोडकड्याच्या दरीत उतरायला वाट नव्हती. हवालदार धुळाप्पा दोर धरून खाली गेला आणि बराच वेळ नुसते दगड निसटल्याचे आवाज येत राहिले. मग खालून त्याचा आवाज आला.

"मॅडम, सापडले."

कड्याच्या टोकाशी उपनिरीक्षक शारदा बिराजदार पालथी पडून खाली बघत होती.

"जीव आहे?"

"न्हाय."

शारदानं डोळे मिटले आणि उघडले. जानेवारीचा वारा कानात घुसत होता.

कृष्णराज तुळजापूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना बालाघाटच्या डोंगरांत फिरवायचा. शनिवारी तो तिघांना घेऊन इथं मुक्कामाला आला. रविवारी तिघं घरी परतले, तो परतला नाही. सोमवारी त्याच्या बायकोनं ठाण्यात तक्रार दिली. आज मंगळवार होता.

"उजवा पाय मोडलाय," खालून धुळाप्पा सांगत होता. "पन पडले तिथं न्हाईत. घासत घासत दगडाच्या आडोशाला गेल्यात. मातीत माग दिसतोय."

म्हणजे पडल्यावर तो जिवंत होता. किती वेळ, ते डॉक्टर सांगतील. एकही रात्र त्यानं बघितली नसावी अशी शारदाची आशा होती. ती पुढं खोटी ठरली.

"फोन बघा."

"खिशात न्हाय. थांबा. हितं वर बोरीच्या जाळीत अडकलाय. काच फुटलीय. बंद हाय, बॅटरी संपलेली."

"संपलेली, हे कसं कळलं?"

"तसा त्यांचा मेसेजच आलाय न्हवं, संगं आलेल्या त्या पोरीला."

शारदा उठून उभी राहिली. कड्यावरून पलीकडचा उतार स्पष्ट दिसत होता. डोंगराचं पोट तिथं ताजं कापलेलं होतं, आतला मुरूम लालभडक उघडा पडला होता आणि खाली गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. माणूस मात्र कुणी नव्हता. तिनं ते बघितलं आणि धुळाप्पाला वर ओढायला हात दिला.

ठाण्याबाहेर कॉलेजची पोरं जमली होती. कृष्णराजची बायको सोनाली बाकावर बसली होती. ती रडत नव्हती. शारदाला बघताच ती उठली.

"त्या अक्षराला आत का बसवत नाही तुम्ही?"

"कशासाठी?"

"ते मेले तरी फोन करणार नाही, असं ती त्यांच्या तोंडावर बोललीय. बरोबरच्या नारायणरावांनी ऐकलंय. आणि शेवटचा मेसेज नेमका तिच्याच फोनवर. तुम्हाला अजून काय पाहिजे?"

आतल्या खोलीत मोठ्या साहेबांनीही तेच विचारलं. "भांडण तिचं. मेसेज तिच्या फोनवर. तोच वाचून दाखवून तिनं सगळ्यांना खाली आणलं. बाहेर गर्दी वाढतेय, बिराजदार. उद्या अटक दाखवा."

अक्षरा त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तिशीची होती. खुर्चीत ताठ बसली होती.

"तू सरांशी भांडलीस?" शारदानं विचारलं.

"अरेतुरे करायचं असेल तर आधी अटक करा."

धुळाप्पानं कागदावरून मान वर केली. शारदानं खुर्ची पुढं ओढली.

"बरं. तुम्ही भांडलात?"

"हो."

"कशावरून?"

"फोनच्या बॅटरीवरून."

"नीट सांगा."

"सरांबरोबर डोंगरात गेलं की फोन आपला राहत नाही. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यायचा. स्क्रीनचा उजेड कमी. रात्री थंडीनं बॅटरी बसते म्हणून फोन अंगाशी घेऊन झोपायचं. आणि विमानाचं चिन्ह दाबून ठेवायचं. रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यातच अर्धी बॅटरी खातो, हे प्रत्येक मुक्कामाला ऐकवायचे. वीस टक्क्यांच्या खाली गेला की फोनला हात लावायचा नाही, तेवढी जीव वाचवायला ठेवायची. सगळ्यांचे फोन बंद करून एका पिशवीत. त्यांचा सोडून फक्त एकच चालू ठेवायचा, म्हणजे निरोप देता-घेता येतो."

"तो एक कुणाचा?"

"ते रात्री ठरायचं. शनिवारी माझा ठरला. आम्ही चौघंही शेकोटीशी बसलेलो होतो. सर सकाळी डोंगराच्या वरच्या धारेवर चढून पुढची वाट बघणार आणि तिथून निरोप पाठवणार. मुक्कामावर एका खडकावर तेवढी रेंज येते."

"मग भांडण कुठं आलं?"

अक्षरानं खाली बघितलं. "सगळे झोपल्यावर मी चांदण्यांचं चित्रण करत बसले. उजाडताना सरांनी माझा फोन तपासला. बॅटरी पार खाली आली होती. म्हणाले, तुझ्यासारख्यांमुळं डोंगरात माणसं मरतात. मग मीही बोलले. तुम्ही मेलात तरी मी फोन करणार नाही, असं बोलले."

"नंतर?"

"ते धारेकडं गेले. मी फोन बंद करून पिशवीत टाकला आणि तंबू आवरत बसले. सर जेवणवेळेपर्यंत आले नाहीत, तेव्हा फोन चालू करून खडकावर नेला. मेसेज आला."

तो मेसेज शारदानं पुन्हा वाचला. 'बॅटरी दोन टक्के. फोन बंद होतोय. मी पलीकडच्या अंगानं येडशीला उतरतो. थांबू नका, खाली जा.'

"आणि तुम्ही खाली आलात."

"त्यांनीच सांगितलं होतं ना," अक्षरा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. रागात होते. म्हटलं, जाऊ दे, येतील त्यांचे ते."

नारायणराव निवृत्त कारकून होते. तुळजापूरच्या जुन्या पुजारी घराण्यातले. गुडघा धरून ते खुर्चीत बसले आणि आल्या आल्या म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कुणी ठाण्याच्या पायऱ्या चढलं नव्हतं."

"माणूस मेलाय, नारायणराव. शेवटचा निरोप तुम्हाला कधी आला?"

"मला आला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अजून कुणीच नाही. म्हणून विचारतेय. टॉवरच्या नोंदीत पिशवीतल्या फोनांपैकी तुमचाच आधी चालू झालेला दिसतो."

म्हाताऱ्यानं नाइलाजानं फोन पुढं केला. रविवारी सकाळी कृष्णराजनं नकाशाचं चित्र पाठवलं होतं. फोनच्या पडद्यावर होतं तसंच उचललेलं. धारेवरून जाणारी निळी रेघ, खाली झरा, पुढं घोडकडा. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या दोन काड्या आणि बॅटरीचा आकडा, एकोणऐंशी. त्याखाली नारायणरावांचं उत्तर, 'मिळालं.'

शारदानं तो आकडा वहीत टिपला.

"फोन तर अक्षराचा ठरला होता. हे तुम्हाला कसं?"

"सकाळी बदललं. तिची बॅटरी उतरलेली. सर तिच्यावर ओरडले आणि माझा फोन चालू करायला लावला. मी खडकावर जाऊन बसलो. चित्र आलं, उत्तर दिलं आणि नियमाप्रमाणं फोन बंद केला."

"आणि तुमच्यातला तिसरा, रणधीर, कुठं होता?"

"तो तांबडं फुटायच्या आधीच कॅन घेऊन पाण्याला गेलेला. झरा लांब आहे. धारेच्या पोटातून वाट जाते."

"परत कधी आला?"

"ऊन चांगलं तापल्यावर. कॅन अर्धा होता. झरा आटलाय म्हणाला."

"मग तिघं काय करत होतात?"

"वाट बघत होतो. रणधीर सारखा अक्षराला म्हणायचा, फोन चालू कर, सरांचा काही निरोप असेल. ती रुसलेली, उत्तरच देईना. शेवटी दुपारी केला चालू."

"तुम्ही तुमचा फोन परत नाही बघितला?"

"सर येतील म्हणालेले. बॅटरी उगाच जाळली तर आल्यावर माझ्यावर ओरडले असते." नारायणरावांनी गुडघा चोळला. "त्या माणसाची भीती वाटायची हो सगळ्यांना."

जप्त मालाच्या कपाटातून शारदानं कृष्णराजच्या फोनचं पाकीट काढलं. पंचनाम्यात धुळाप्पाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बॅटरी संपल्याने बंद.'

"चार्जर आणू?" त्यानं विचारलं.

"नको."

तिनं हातमोजा घातला आणि बाजूचं बटण दाबून धरलं. काही झालं नाही. ती धरून राहिली. मग फोन तिच्या हातात थरथरला.

धुळाप्पा मागं सरकला.

काच फुटून पडदा काळा झाला होता. वरची एक पट्टी तेवढी उजळली. त्यात आकडा होता, चौऱ्याहत्तर. मग फोन पुन्हा थरथरला आणि थांबेचना. सोनालीनं दोन दिवसांत पाठवलेला एकेक मेसेज येऊन पोचत होता.

"मेलेला फोन कसा काय..." धुळाप्पा पुटपुटला.

"मेला नव्हता. कुणीतरी बंद केला होता. बंद फोन बॅटरी खात नाही."

"मग त्यो दोन टक्क्यांचा मेसेज?"

"खोटा. चित्र पाठवलं तेव्हा एकोणऐंशी होती. मेसेज त्यानंतर थोड्याच वेळानं गेलाय. फोन कृष्णराजचा, पण लिहिणारा दुसरा."

मोठ्या साहेबांना हे पटलं, पण वेगळ्या अर्थानं. "मग तिनंच लिहिला. सरांच्या फोनवरून स्वतःला पाठवला. उलट बरंच झालं. कडी जुळली."

शारदानं फोन सायबर कक्षाकडं पाठवला आणि रणधीरला बोलावून घेतलं.

रणधीरचे उमरग्याला चार टिप्पर आणि दोन खोदणारी मशीनं होती. हायवेवर त्याला सगळे ओळखत. तो बसला तोच पाय पसरून.

"मॅडम, माझं काम खोळंबलंय. एका पोरीच्या पायी आमाला किती दिवस फिरवनार?"

"मशीनं कुठं चालतात तुमची?"

"रस्त्याच्या कामावर."

"मुरूम कुठून येतो?"

"परवान्याच्या खाणीतून. ह्याचा कृष्णराजशी काय संबंध?"

"तुमचा काय संबंध होता?"

"शाळासोबती. म्या दरवर्षी येतो त्याच्यासंगं. लई हट्टी मानूस. ऐकायचा न्हाय कुनाचं."

"पाण्याला इतका वेळ का लागला?"

"झरा आटलाय. वाटीनं भरावं लागतंय."

"वाटेत कृष्णराज दिसले?"

"न्हाय."

"रविवारी फोन कुणाचा चालू होता?"

"अक्षराचा. रातीच ठरलं की. म्हणून तर मेसेज तिच्या फोनवर आला." तो हसला. "मला विचाराल तर तिलाच नीट विचारा. लई तिखट हाय ती. सकाळी भांडन झालं म्हणं."

"म्हणं? तुम्ही ऐकलं नाही?"

"म्या कुठं होतो तिथं. पाण्याला गेलोतो. ते नारायणरावांनी गाडीत सांगितलं."

शारदानं वही मिटली. "उद्या सकाळी मुक्कामाच्या जागी या. तिघांनाही बोलावलंय."

"कशाला?"

"या."

खडकावर ऊन पडलं होतं. चौघं डोंगर चढून आले होते तिथं आता तिघं उभे होते, एकमेकांपासून लांब. सोनालीही आली होती. अक्षराकडं बघायचं नाही म्हणून ती तोंड फिरवून उभी होती. नारायणरावांना धुळाप्पानं जवळजवळ उचलून आणलं होतं.

"कृष्णराजला कुणी मारलं ते मी आता सांगते," शारदा म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही."

"पोरीला अटक करायची ती करा की," रणधीर म्हणाला. "आमाला कशाला डोंगर चढवला?"

"मध्ये बोलायचं नाही म्हटलं ना."

वारा तेवढा वाजत होता.

"बॅटरी दोन टक्के, असा मेसेज आला. बॅटरी होती चौऱ्याहत्तर. फोन संपला नव्हता, बंद करून दरीत फेकला होता. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला दोन गोष्टी हव्या होत्या. फोन गप्प का, याचं कारण. आणि तुम्ही सगळे ताबडतोब खाली जावेत, कुणी शोधायला चढू नये. ताबडतोब, हे लक्षात ठेवा."

ती अक्षराकडं वळली.

"सगळे यांचं नाव घेत होते. मीही घेतलं असतं. पण यांनी सरांना मारून तो मेसेज लिहिला असता, तर तो सगळ्यांना लगेच दिसावा अशी सोय केली असती. स्वतःच्या बंद फोनवर पाठवून, वर तो फोन चालू करायला नकार देत अर्धा दिवस कुणी बसत नाही."

"मग मी?" नारायणराव म्हणाले.

"तुमच्या गुडघ्यानं धार चढता येत नाही, ते आज सगळ्यांनी बघितलं. आणि तुम्ही सरांना इथून, या खडकावरून उत्तर दिलं."

शारदानं वहीचं पान उलटलं.

"आता मेसेज कुणाला गेला ते बघा. शनिवारी रात्री ठरलं की अक्षराचा फोन चालू राहणार. रविवारी उजाडताना कृष्णराजनं स्वतः तो बदल केला. नारायणरावांचा फोन चालू करायला लावला आणि धारेवरून चित्रही त्यांनाच पाठवलं. मग त्यानंतर लगेच तोच माणूस बंद ठेवलेल्या फोनवर निरोप कशाला पाठवेल? सकाळचा बदल अक्षराला माहीत होता, नारायणरावांना माहीत होता, कृष्णराजला माहीत होता. चौथ्या माणसाला माहीत नव्हता. तो अंधारातच पाण्याला गेला होता."

सोनालीनं हळूहळू मान वळवली.

"तो परत आला तेव्हा इथं सगळे निवांत बसलेले. कुणी खाली जायचं नावच काढेना. त्याचा मेसेज कुणी वाचलाच नव्हता. म्हणून तो अक्षराच्या मागं लागला, फोन चालू कर. नारायणरावांना एकदाही म्हणाला नाही, कारण निरोप कुठल्या फोनवर आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि काल ठाण्यात मी विचारलं, रविवारी चालू फोन कुणाचा होता? रणधीर, तुम्ही काय सांगितलंत?"

"मला म्हाईत नव्हतं बदललेलं," रणधीर म्हणाला. "म्हणून काय खून होतो व्हय? बिनपुराव्याचं बोलताय तुमी. उमरग्याला माझ्या ओळखी कुठवर हाईत, ठावं हाय का?"

"ठावं आहे. घोडकड्यावरून पलीकडचा कापलेला डोंगर दिसतो. जंगल खात्याची जमीन आहे ती. तिथं परवाना कुणालाच नाही. कृष्णराज वाट बघायला गेला आणि त्याला तुमचं मशीन दिसलं. त्यानं फोटो काढले, आणि ते बघून तुम्ही झऱ्याच्या वाटेवरून वर चढलात. तुम्ही ते फोनमधून पुसलेत, पण पुसलेले फोटो महिनाभर फोनच्या कचऱ्यात पडून असतात. काल संध्याकाळी सायबर कक्षानं ते बाहेर काढले. मशीनवर तुमचं नाव आहे. शेवटच्या फोटोत तुम्ही स्वतः आहात, हात पुढं करून, फोन हिसकायला."

रणधीरनं खाली उतरणाऱ्या वाटेकडं बघितलं. तिथं धुळाप्पा उभा होता.

"त्यो म्हणला, सोमवारी जंगलवाल्यांकडं जातो," रणधीर म्हणाला. आवाजातली गुर्मी अजून गेली नव्हती. "म्या म्हणलं, इतक्या वर्षांची वळख हाय. पुसून टाक. तर म्हणला, डोंगर तुझ्या बापाचा न्हाय. फोन वढताना त्याचा तोल गेला. म्या ढकललं न्हाय. आईची शपथ."

"असेल," शारदा म्हणाली. "तोल गेला असेल. मग फोन तुमच्या हातात राहिला. उघडा होता. बॅटरी भरपूर होती. धारेवर रेंज होती, नाहीतर तुमचा मेसेज गेलाच नसता. रुग्णवाहिकेला एक फोन केला असता तर दुपारपर्यंत माणसं दोर घेऊन आली असती. डॉक्टर म्हणतात तो पायानं मेला नाही, थंडीनं मेला. रविवारची रात्र त्यानं काढली. सोमवारी पहाटे गेला."

सोनालीच्या तोंडून कसलासा आवाज आला. तिला धरायला अक्षरा पुढं झाली आणि मध्येच थांबली. मग सोनालीनंच तिचा हात पकडला, घट्ट, आपण कुणाला धरतोय ते न बघता.

शारदा रणधीरच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही मेसेज लिहीत होता तेव्हा तो खालून काही बोलत होता का?"

धुळाप्पानं बेड्या काढल्या. लोखंड वाजलं तशी रणधीरची मान खाली गेली.

"बोलत होता," तो म्हणाला. "त्याला वाटलं, म्या मानसं बोलावतोय. 'रणधीर, लागला का फोन,' म्हणून इचारत होता."